सेप्सिसमधलं एचडीएल १४: आकडा खरा आहे का, आणि त्याचं करायचं काय?

प्रश्न बायोकेमिस्ट्रीच्या एका निवासी डॉक्टरांचा आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग रुग्णाचा. वय ६७, मधुमेह, लघवीच्या संसर्गातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिक्रियेतून अवयव निकामी होऊ लागणं), रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू, आयसीयूत तिसरा दिवस. सहा महिन्यांपूर्वी एकूण कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १०४. आता अनुक्रमे ९२, १४, ३१० आणि १६ (सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलिटर). वॉर्डातून विचारणा आली की रिपोर्ट चुकलाय का, आणि एचडीएल जंतूंचं विष निकामी करतं म्हणतात, तर ते वाढवण्यासाठी काही द्यावं का. दुसरा भाग प्रबंधाचा. निरोगी दात्यांच्या रक्तात एलपीएस (जंतूंचं तेच विष) आणि वेगळं काढलेलं एचडीएल घातलं की टीएनएफ (दाह पेटवणारं प्रथिन) कधी निम्म्यावर येतो, तर कधी ढिम्म हलत नाही. असं का?

रुग्णाचं उत्तर आधी. रिपोर्ट बहुधा बरोबर आहे, फक्त एलडीएलच्या १६ या आकड्यावर विसंबू नका. एचडीएल वाढवण्यासाठी काहीही देऊ नका. प्रबंधाच्या गोंधळाचं मूळही इथेच आहे: विषाची गाठ आधी कोणाशी पडते, पेशीशी की लिपोप्रोटीनशी (रक्तातून मेद वाहणाऱ्या एचडीएल, एलडीएलसारख्या कणांशी), यावर सगळं ठरतं.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, म्हणजेच एलपीएस. १८९२ च्या सुमारास रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याच्या जंतूवर काम करताना ‘एंडोटॉक्सिन’ ही कल्पना मांडली; ती याच रेणूची. त्याला बाहेरच्या बाजूला साखरेची लांब साखळी असते आणि आतल्या बाजूला लिपिड-ए. ई. कोलायच्या लिपिड-एला मेदाम्लांच्या सहा शेपट्या असतात. एका जंतूवर असे रेणू दहा-वीस लाखांच्या घरात असतात. जंतू वाढताना, मरताना आणि प्रतिजैविकाने फुटताना ते रक्तात गुठळ्यांच्या रूपात सांडतात.

रक्तात एलबीपी नावाचं यकृतात तयार होणारं प्रथिन या गुठळ्यांमधून एकेक रेणू सुटा करतं आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी-१४ या प्रथिनाकडे सोपवतं. तिथून तो एमडी-२ आणि टीएलआर-४ या विष ओळखणाऱ्या प्रथिनांच्या जोडीकडे जातो. एमडी-२ मध्ये एक खोल खळगा आहे. सहापैकी पाच शेपट्या त्यात बुडतात, सहावी काठावर बाहेर राहते आणि शेजारच्या दुसऱ्या टीएलआर-४ ला जाऊन चिकटते. दोन टीएलआर-४ असे जुळले की पेशीच्या आत संदेश सुटतो आणि टीएनएफ, आयएल-६ ही दाहाची प्रथिनं बाहेर पडू लागतात. टीएलआर-४ चं हे काम १९९८ मध्ये ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने उंदरांतल्या जनुकदोषावरून दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्याची दखल घेतली गेली.

लिपोप्रोटीन काय करतं ते आता याच शेपट्यांकडे पाहून कळेल. एचडीएलचा कण जेमतेम ७ ते १२ नॅनोमीटरचा, वरून फॉस्फोलिपिडचा एक थर, त्याभोवती एपोए-१ हे प्रथिन गुंडाळलेलं. लिपिड-एच्या सहाही शेपट्या या थरात रुततात, साखरेची साखळी बाहेर लोंबत राहते. एमडी-२ ला पकडायला शेपटीच उरत नाही. रेणू तुटलेला नाही, नष्टही झालेला नाही, फक्त झाकला गेलाय. हा फरक पुढे प्रयोगशाळेतही नडतो, म्हणून लक्षात ठेवा.

झाकण्याचं काम एचडीएलबरोबर एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड वाहणारे व्हीएलडीएल व कायलोमायक्रॉन हे कणही करतात. निरोगी रक्तात मोठा वाटा एचडीएलकडे जातो, कारण संख्याच तेवढी: एका एलडीएल कणामागे वीसेक एचडीएल कण असतात. एचडीएल कमी पडलं की एलपीएस व्हीएलडीएलकडे वळतं. तुमच्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड ३१० झाले ते निव्वळ बिघाड म्हणून बघू नका. यकृत व्हीएलडीएल जास्त सोडतंय आणि लायपोप्रोटीन लायपेज हे मेद फोडणारं विकर मंदावल्यामुळे ते रक्तातून लवकर जात नाही. उंदरांत व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन टोचल्यावर एलपीएसमुळे होणारे मृत्यू घटतात, हे १९९० पासून माहीत आहे.

एलबीपी मात्र दुहेरी खेळ खेळतं. थोडं असलं तर विष पेशीकडे पोचवतं. भरपूर असलं आणि शेजारी लिपोप्रोटीन असलं, तर तेच विष एचडीएलमध्ये नेऊन ठेवतं. निरोगी रक्तात ते लिटरला ५ ते १० मिलिग्रॅम असतं, सेप्सिसमध्ये कित्येक पटींनी वाढतं. त्याच कुळातलं पीएलटीपीही एलपीएस एचडीएलकडे हलवतं. म्हणून एलबीपीला सरसकट ‘दाह वाढवणारं प्रथिन’ लिहिणं चूक आहे, प्रबंधात तर नक्कीच टाळा.

झाकलेलं विष शेवटी यकृतात जातं आणि पित्तावाटे बाहेर पडतं. एलडीएल आणि व्हीएलडीएलवर बसलेलं एलपीएस एलडीएल रिसेप्टरमधून (यकृतपेशीवरचा, एलडीएल पकडणारा रेणू) आत घेतलं जातं. एओएएच नावाचं विकर लिपिड-एच्या दोन शेपट्या कापतं आणि त्यानंतर ते टीएलआर-४ ला चेतवू शकत नाही. आतड्याचीही स्वतःची व्यवस्था आहे. लहान आतड्यात तयार झालेलं एचडीएल थेट पोर्टल शिरेतून यकृताकडे निघतं आणि आतड्यातून झिरपलेलं एलपीएस यकृतातल्या कुप्फर या रक्षक पेशींना दिसण्याआधीच झाकून टाकतं. उंदरांवरचं हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. बांधणं आणि उपसणं ही दोन वेगळी कामं आहेत. एलडीएल रिसेप्टर नसलेले उंदीर, ज्यांच्या रक्तात एलडीएल अनेक पटींनी जास्त असतं, एलपीएसच्या मारक डोसातून जास्त वाचतात. उलट हे रिसेप्टर मोडायला लावणारं पीसीएसके-९ प्रथिन कमी असेल तर रिसेप्टर वाढतात, उपसा वेगाने होतो, आणि तरीही फायदा दिसला. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण पहिल्यात बांधणी जोरात आहे, दुसऱ्यात उपसा.

मग एचडीएल ४१ वरून १४ वर का आलं? एकच कारण नाही. यकृत एपोए-१ कमी बनवतं आणि सीरम अमायलॉइड-ए हे दाहातलं प्रथिन प्रचंड प्रमाणात बनवतं. ते एचडीएलवर चढून एपोए-१ ला ढकलून देतं. दाहात वाढणारं फॉस्फोलायपेज ए-२ आणि एंडोथेलियल लायपेज ही विकरं एचडीएलचं फॉस्फोलिपिड खातात, म्हणजे ज्या थरात विष रुतायचं तोच थर झिजतो. एचडीएलचा कण पूर्ण घडवणारं एलसीएटी हे विकर घटतं. केशवाहिन्या गळतात, वरून सलाइनच्या बाटल्या चढलेल्या असतात, त्यामुळे रक्तही पातळ होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकूण कोलेस्टेरॉल निम्म्यावर येणं ही सेप्सिसची नेहमीची चाल आहे. हे एलपीएसपुरतं मर्यादित नाही. मलेरियात आणि गंभीर डेंग्यूतही असेच आकडे दिसतात, कारण टीएनएफ, आयएल-६ सारखे सायटोकाइन उसळले की यकृत असंच वागतं. पावसाळ्यात आपल्या कोकणात लेप्टोचे रुग्ण येतात. त्या जंतूचं एलपीएस माणसाचं टीएलआर-४ नीट ओळखतच नाही, तरी कोलेस्टेरॉल घसरतं. म्हणून कमी एचडीएल पाहून ‘ग्रॅम-निगेटिव्ह असणार’ असा अंदाज बांधू नका.

उरलेलं एचडीएलही पूर्वीसारखं काम करत नाही. त्यावरचं पॅराऑक्सोनेज हे रक्षक विकर घटलेलं असतं, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला धरून ठेवणारं एपोएम आणि एस१पी कमी झालेलं असतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉलसाठी लागणारं कोलेस्टेरॉल बऱ्याच अंशी एचडीएलकडूनच मिळतं. एचडीएल खूप खाली असलेल्या आणि व्हॅसोप्रेसर (रक्तदाब टिकवणारी औषधं) उतरत नसलेल्या रुग्णात अ‍ॅड्रिनल कमी पडतेय का, ही शंका वॉर्डाला बोलून दाखवण्यासारखी आहे.

वाईट लक्षण म्हणून हा आकडा खराच आहे. पहिल्या दिवशी एचडीएल २० च्या खाली असलेल्या गंभीर सेप्सिसच्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसले आहेत. पण लक्षण म्हणून वाईट असलेला आकडा औषधाने वर नेला की रुग्ण बरा होतो, असं होत नाही.

ते करून पाहिलं गेलंय. १९९६ मध्ये आठ निरोगी स्वयंसेवकांना किलोला ४ नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन देऊन, कृत्रिमरीत्या बांधलेलं एचडीएल किलोला ४० मिलिग्रॅम दिलं गेलं. ताप, मळमळ, टीएनएफ, आयएल-६ सगळं घटलं. पण त्यात एचडीएलची सलाइन विषाच्या साडेतीन तास आधी सुरू झाली होती. स्वयंसेवकांत टीएनएफ एंडोटॉक्सिननंतर सुमारे दीड तासात शिखर गाठतो, आयएल-६ दोन-तीन तासांत. प्लाझ्मात एलपीएस झाकलं जायला मात्र वेळ लागतो आणि टीएलआर-४ चा संदेश काही मिनिटांतच सुटून गेलेला असतो. तुमचा रुग्ण आयसीयूत पोचेपर्यंत ही वेळ टळून गेलेली असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेराशेहून अधिक रुग्णांवर फॉस्फोलिपिड इमल्शन वापरलं गेलं. मृत्यू घटले नाहीत आणि जास्त डोसाचा गट दुष्परिणामांमुळे मध्येच थांबवावा लागला. २०१३ मध्ये एमडी-२ चा खळगाच अडवणारं एरिटोरान हे औषध अपयशी ठरलं. २०१८ मध्ये एलपीएस पकडणाऱ्या पॉलिमिक्सिन-बीच्या फिल्टरमधून रक्त फिरवूनही २८ दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत. या सगळ्यांत वेळ हे मोठं कारण आहे. दुसरं कारण उंदीर. माणसाला किलोला २ ते ४ नॅनोग्रॅमवर थंडी वाजून ताप भरतो, तर उंदराला मारायला किलोला काही मिलिग्रॅम लागतात. लाखो पटींच्या या फरकात उंदराचं यश माणसात उतरेल, असं गृहीत धरता येत नाही.

आकडा ढकलून वर नेण्याचा आणखी एक धडा टॉरसेट्रापिब या एचडीएल वाढवणाऱ्या औषधाचा. त्याने एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढवलं, तरी मृत्यू वाढले आणि त्यात संसर्गाने झालेलेही होते. २०१८ च्या कोपनहेगनमधल्या मोठ्या अभ्यासात एचडीएल ३१ पेक्षा कमी असलेल्यांबरोबरच १०० पेक्षा जास्त असलेल्यांनाही संसर्गासाठी जास्त वेळा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. नायसिन, फायब्रेट, नळीतून तूप किंवा खोबरेल, यातलं काहीही या टप्प्यावर देऊ नये. लघवीचा मार्ग अडलाय का ते सोनोग्राफीत पाहणं, अडला असेल तर तातडीने स्टेंट किंवा नेफ्रोस्टोमी (मूत्रपिंडात थेट घातलेली नळी), आणि योग्य प्रतिजैविक वेळेत: विषाचा झरा इथे बंद होतो.

रिपोर्टच्या तांत्रिक बाजूकडे वळतो, कारण वॉर्डाला तुम्हालाच उत्तर द्यायचंय. ९२ मधून १४ आणि ३१० चा पाचवा भाग म्हणजे ६२ वजा केले की १६ उरतात. हे एलडीएल थेट न मोजता काढण्याचं फ्रीडेवाल्डचं गणित आहे. सेप्सिसमध्ये व्हीएलडीएलची घडण बदललेली असते, त्यामुळे ‘पाचने भागा’ हा हिशेबच डळमळतो, आणि एलडीएल इतकं खाली असताना थोडी चूकही प्रमाणात खूप मोठी होते. आकडा हवाच असेल तर थेट मोजा किंवा एपोबी (एलडीएल, व्हीएलडीएल कणांवरचं प्रथिन) करा. नाहीतर ‘गणित लागू नाही’ असं लिहून सोडून द्या.

नमुना कुठून काढला ते फोन करून विचारा. प्रोपोफोल हे भुलीचं औषध १० टक्के मेदाच्या इमल्शनमध्ये येतं, मिलिलिटरला ०.१ ग्रॅम मेद आणि १.१ किलोकॅलरी. त्याच लाइनमधून रक्त ओढलं तर ट्रायग्लिसराइड खोटे फुगतात. ट्यूब रात्रभर ४ अंशावर उभी ठेवा. सकाळी वर सायीसारखा थर आला आणि खालचं सीरम स्वच्छ असेल, तर कायलोमायक्रॉन किंवा इमल्शन. सगळं सीरम सारखंच गढूळ राहिलं, तर व्हीएलडीएल. साधी, फुकटची चाचणी आहे आणि आजही उपयोगी पडते. प्रोपोफोल चालू असताना ट्रायग्लिसराइड ४००-५०० च्या वर जाऊ लागले तर दुसऱ्या भुलीच्या औषधाचा विचार करायला सांगा. १००० च्या पुढे स्वादुपिंडाचा धोका खरा आहे.

स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) माझं मत: केवळ सेप्सिससाठी नव्याने सुरू करू नये. सेप्सिसमुळे फुप्फुसं निकामी झालेल्या रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनची २०१४ ची चाचणी उपयोग दिसत नाही म्हणून थांबवण्यात आली. आधीपासून चालू असेल, नळीतून औषध शोषलं जात असेल आणि सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं विकर) व यकृताचे रिपोर्ट ठीक असतील, तर चालू ठेवावं. एलडीएल १६ दिसलं म्हणून बंद करायचं कारण नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझोल गटातलं बुरशीचं औषध सुरू झालं तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन तेवढे दिवस थांबवलेलं बरं. डॅप्टोमायसिन या प्रतिजैविकाबरोबर असेल तर सीके वारंवार पाहा.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंबद्दल थोडक्यात. त्यांच्याकडे एलपीएस नाही, पण लिपोप्रोटीन तिथेही आडवं येतं. स्टॅफिलोकॉकसचं अल्फा-टॉक्सिन एलडीएलमुळे निकामी होतं, आणि याच जंतूंचे एकमेकांना इशारा देणारे पेप्टाइड एपोबी अडवून धरतं. तुमच्या रोजच्या कामातलं उदाहरण एएसओ चाचणीचं, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाविरुद्धची प्रतिपिंडं मोजण्याचं. स्ट्रेप्टोलायसिन-ओ कोलेस्टेरॉलला चिकटून निष्प्रभ होतं, म्हणून जुन्या, रक्तपेशी फुटण्यावर आधारलेल्या पद्धतीत लिपोप्रोटीन जास्त किंवा बिघडलेलं असलं, उदाहरणार्थ यकृताच्या आजारात, तर एएसओ खोटा वाढलेला दिसतो.

आता प्रबंध. पहिली अडचण तुमच्या पद्धतीतच आहे. संपूर्ण रक्तात दात्याचं स्वतःचं एचडीएल पुरेपूर असतं, प्लाझ्माच्या मिलिलिटरला एपोए-१ च सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात तुम्ही ५० मायक्रोग्रॅम घातलं तर भरल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतल्यासारखं झालं. ज्या दात्यांचं एचडीएल मुळात कमी, त्यांच्यात परिणाम दिसतो, इतरांत नाही. धुतलेले मोनोसाइट घ्या, माध्यमात १ ते २ टक्के मानवी सीरम ठेवा आणि एचडीएल प्रथिनाच्या हिशेबाने ५० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरा. सीरम पूर्ण काढू नका. एलबीपी नसेल तर कमी डोसात पेशी प्रतिसाद देत नाहीत आणि एलपीएस एचडीएलमध्येही शिरत नाही.

दुसरी गोष्ट क्रम. प्लेटवर तीन ओळी लावा: एलपीएस, एचडीएल आणि सीरम ३७ अंशावर एक तास एकत्र ठेवून मग पेशींवर, दोन्ही एकाच वेळी, आणि एलपीएसनंतर ३० मिनिटांनी एचडीएल. टीएनएफ ४ ते ६ तासांनी मोजा. पहिल्या ओळीत मोठी घट आणि तिसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर वर सांगितलेल्या चाचण्या का फसल्या त्याचं उत्तर तुमच्या प्लेटवरच मिळेल. सध्या तुम्ही मिसळण्याची वेळ नोंदवत नसाल, तर निकाल दिवसागणिक हलण्याचं मोठं कारण हेच असणार.

एलपीएस अतिशुद्ध प्रतीचं घ्या. साध्या प्रतीत जंतूंची लिपोप्रोटीन मिसळलेली असतात, ती टीएलआर-२ हा दुसराच रिसेप्टर चेतवतात आणि चित्र गढूळ करतात. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचा साठा नीट हलवून, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी सुटं करून) घ्या. नॅनोग्रॅमची पातळ द्रावणं त्याच दिवशी बनवा. ती ठेवली की एलपीएस प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं आणि डोस नकळत घटतो. पेशींवर १ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरे. १ मायक्रोग्रॅम वापरलात तर एचडीएलची क्षमताच संपते.

एचडीएल पोटॅशियम ब्रोमाइडने १.०६३ ते १.२१ घनतेत वेगळं केल्यावर १५० मिलिमोलर मीठ आणि ०.३ मिलिमोलर ईडीटीएमध्ये, पीएच ७.४ ला, दोन-तीनदा बदलून डायलिसिस करा. शेवटच्या डायलिसिसचं द्रावण कंट्रोल म्हणून पेशींवर घाला, राहिलेल्या ब्रोमाइडने पेशी मरत असतील तर तिथेच कळेल. गोठवू नका, ४ अंशावर अंधारात नायट्रोजनखाली ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. काचेची भांडी २५० अंशाला किमान ३० मिनिटं भाजून घ्या.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे एचडीएल स्वतःच दूषित असणं. एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी शून्य दाखवते, कारण एलपीएस एचडीएलमध्ये झाकलेलं असतं. नमुना किमान दहापट पातळ करून ७० ते ७५ अंशाला १० मिनिटं तापवा आणि त्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन घालून ते परत मिळतं का पाहा. ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर त्या दिवसाचा निकाल धरू नका.

आणखी एक कंट्रोल हमखास राहून जातो. एचडीएल पेशीच्या पटलातून कोलेस्टेरॉल ओढतं, त्यानेही दाहाचा संदेश बदलतो, एलपीएस बांधलं न जाता. टीएलआर-७ आणि ८ चेतवणाऱ्या आर-८४८ या रसायनाची एक ओळ ठेवा. ते लिपिड नाही. तिथेही टीएनएफ घटला तर परिणाम पेशीवरचा, फक्त एलपीएसच्या ओळीत घटला तर बांधणीचा. शिवाय एका ओळीत मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम पॉलिमिक्सिन-बी घाला. तिथे टीएनएफ जवळपास शून्यावर आला नाही, तर तुमच्या एलपीएसमध्ये दुसरं काहीतरी आहे.

रुग्णासाठी शेवटचं: हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवताना ‘तीव्र आजारातला, हृदयविकाराच्या जोखमीसाठी वापरू नये’ असा शेरा लिहा, नाहीतर घरी गेल्यावर कोणीतरी एलडीएल १६ पाहून स्टॅटिन कायमचं बंद करेल. नवा लिपिड प्रोफाइल किमान ६ ते ८ आठवड्यांनी, ताप नसताना, सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) खाली आल्यावर करा. तेव्हाही एचडीएल २० च्या खालीच असेल, तर यकृत, प्रोटीन जाणारी किडनी, आत राहिलेला गळू आणि पॅराप्रोटीन (रक्तातलं असाधारण प्रतिपिंड) या चार गोष्टी तपासायला सांगा.